राख बांधून घ्या, पसरू देऊ नका

भोरच्या बाजारपेठेत किंवा नसरापूरच्या दुकानात सिमेंटची पिशवी घेतली, तर तिच्यावर बहुधा ‘पोर्टलँड पोझोलाना सिमेंट’ असे छापलेले आढळते आणि जवळच ‘फ्लाय अ‍ॅश बेस्ड’ असेही. गवंडी तिला नुसते पीपीसी म्हणतात. भारतीय मानकाप्रमाणे या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. म्हणजे ५० किलोंच्या पिशवीत साडेसात किलोंपासून साडेसतरा किलोंपर्यंत. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून पकडलेली ही राख गेली कित्येक वर्षे आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये, शाळेच्या खोल्यांत आणि पाण्याच्या टाक्यांत मुकाट्याने येऊन बसली आहे. तेव्हा राखेला बांधकामात घ्यावे की नाही, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. ती कोणत्या रूपात यावी, तिची परीक्षा कोणी करावी आणि तिला किती वेळ द्यावा, हे प्रश्न मात्र उरले आहेत, आणि ते भोरला आणि वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याला, इतरांपेक्षा जास्त लागू आहेत. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या दोन तालुक्यांत राख यावी ती सिमेंटात किंवा चुन्यात बांधलेली यावी, आणि मोजून यावी. सुटी राख इथल्या एका गुंठ्यावरही पसरली जाऊ नये.

राख म्हणजे जळून गेलेली, निरुपयोगी झालेली वस्तू, असे आपण धरून चालतो. चुलीच्या राखेने भांडी घासणाऱ्या आणि कडधान्याला किडीपासून जपण्यासाठी राख लावणाऱ्या समाजाने खरे तर तसे मानायला नको होते. वीज केंद्रात कोळसा पिठासारखा दळून ज्वालेत फुंकतात. त्यातला कार्बन जळतो, पण कोळशाबरोबर आलेली माती त्या उष्णतेत वितळते, तिचे सूक्ष्म थेंब होतात आणि धुराबरोबर वर जाताना ते झटकन थंड होतात. स्फटिक बनायला त्यांना सवडच मिळत नाही, म्हणून ते काचेच्या गोल मण्यांसारखे राहतात. डोळ्याला ती करडी भुकटी दिसते. बोटांत चोळली तर चांगली राख रेशमासारखी निसटते. या काचेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भरपूर असते. एकटी राख पाण्यात टाकली तर काहीच घडत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा मात्र थोडा चुना मोकळा सुटतो. हा चुना काँक्रीटचा दुबळा भाग. पाण्यात विरघळून तो झिरपत राहतो आणि मागे पोकळ्या ठेवतो. राखेतली सिलिका त्या चुन्याला गाठते आणि दोघांपासून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते, म्हणजे सिमेंटला घट्ट धरून ठेवणारा तोच चिकट पदार्थ. दुबळ्या चुन्याच्या जागी मजबुती येते, पोकळ्या बुजतात, पाणी आत शिरायला वाट उरत नाही. हे सारे सावकाश होते, आठवड्यांनी आणि महिन्यांनी, आणि माझे पुढचे सगळे विवेचन या सावकाशपणाभोवतीच फिरणार आहे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. रोमन लोकांनी व्हेसुव्हियसच्या परिसरातली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली. पोझ्झुओली या गावावरूनच ‘पोझोलाना’ हा शब्द आला. आपल्याकडे ते काम सुरखी करीत असे. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. भाजलेल्या चिकणमातीतली सिलिका चुन्याशी तशीच जुळते. वर्तुळाकार चर, त्यात फिरणारे दगडी चाक, त्याला जुंपलेला बैल, आणि चरात चुना, वाळू, सुरखी तासन्‌तास दळली जाते, असा चुन्याचा घाणा वाडा किंवा देऊळ बांधताना जागेवरच मांडीत. गारा नीट मळून निघेपर्यंत घाणा थांबत नसे आणि बांधकामाला ओल धरून ठेवण्यात कोणी कसूर करीत नसे. राजगड-तोरण्याच्या तटांकडे पाहताना आपण दगड पाहतो. दगडांमधला चुना वर्षानुवर्षे घट्ट होत गेला, हे विसरतो. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्यासारखी दगडी धरणे उभी राहिली तीही चुन्याच्या भरवशावर. वेळवंडीवरचे आजचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. त्यानंतरच्या काही दशकांत सिमेंटने चुन्याला मागे सारले आणि त्याच्याबरोबर थांबण्याची सवयही गेली.

सिमेंटचा वेग फुकट मिळत नाही. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की क्लिंकरचे खडे तयार होतात; ते दळले की सिमेंट. इंधनाचा धूर बाजूला ठेवला तरी चुनखडी फुटतानाच तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक टन क्लिंकरमागे हे रासायनिक उत्सर्जन अर्ध्या टनाहून जास्त आहे, इंधन धरले तर एकूण आकडा ०.८ ते ०.९ टनांच्या घरात जातो. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा ७-८ टक्के मानला जातो. भट्टीला सौरऊर्जा जोडली तरी चुनखडीतला वायू सुटणारच. म्हणून क्लिंकरच कमी वापरणे हा सर्वांत सरळ मार्ग, आणि त्याच्या जागी बसू शकणाऱ्या वस्तूंमध्ये आपल्या देशात सर्वांत मुबलक आहे ती राख.

राख क्लिंकरची जागा घेऊ शकते, याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच सह्याद्रीत उभा आहे. अकोले तालुक्यातला घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प २५० मेगावॅटचा. त्याची धरणे भारतातली रोलरने दाबलेल्या काँक्रीटची पहिली धरणे होत. खालचे धरण ८६ मीटर उंच आहे. कोरडसर काँक्रीट डंपरने आणायचे, साधारण फूटभर जाडीचा थर पसरायचा, कंपन देणाऱ्या रोलरने दाबायचा आणि लगेच पुढचा थर. अशा प्रचंड राशीत नुसते सिमेंट वापरले तर संयोगाची उष्णता आत कोंडते आणि काँक्रीटला तडे जातात. म्हणून घाटघरला बंधक पदार्थात अर्ध्याहून अधिक भाग राखेचा ठेवला गेला. तिथला पाऊस, तिथला बेसाल्ट, तिथला चढ हे सारे वेल्ह्याच्या घाटमाथ्याशी मिळतेजुळते आहे. राखेने काँक्रीट कच्चे राहते, असे म्हणणाऱ्याने आधी ते धरण पाहून यावे. नाशिकजवळ एकलहऱ्याच्या केंद्राची राख प्रतवारी करून ‘पोझोक्रिट’ या नावाने विकण्याचा उद्योगही आपल्या राज्यात चालला. त्यात प्रतवारी हा शब्द महत्त्वाचा. केंद्रातून निघते ती राख, आणि चाळून, तपासून, बारीकपणाचा दाखला घेऊन येते ती बांधकामाची वस्तू. या दोहोंत गहू आणि कणीक यांच्याइतके अंतर आहे.

आता आकड्यांकडे वळू, कारण आकडे इथे थोडी दिशाभूल करतात. १९९६-९७ साली देशातल्या वीज केंद्रांत सुमारे ६.९ कोटी टन राख निघाली आणि तिच्यातली दहा टक्केही वापरली गेली नाही. १९९९ साली केंद्र सरकारची पहिली अधिसूचना आली, पुढे ती कडक होत गेली, २०१६ साली महाराष्ट्राने स्वतःचे राख-वापर धोरण आणले. २०२१-२२ मध्ये देशात २७ कोटी टन राख निघाली आणि त्यातली जवळजवळ ९६ टक्के ‘वापरली’ गेली. पंचवीस वर्षांतली ही वाटचाल साधी नाही, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात ते राखेच्या बाबतीत खरे झाले आहे. पण ‘वापर’ या शब्दाखाली काय काय येते? सिमेंटला साधारण चौथा हिस्सा जातो. उरलेल्यात विटा आहेत, रस्त्यांचे भराव आहेत. तसेच सखल जमिनी बुजवणे, जुन्या खाणी भरणे, राखेच्याच तलावांचे बांध उंच करणे हेही आहे. विटेत गेलेली राख बांधली गेली. खड्ड्यात ओतलेली राख फक्त जागा बदलून बसली. सरकारी टक्केवारीत मात्र दोन्ही ‘वापर’ म्हणूनच धरल्या जातात.

राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, सेलेनियम यांचे अंश असतात. काँक्रीटच्या घट्ट शरीरात ते जखडले जातात. सुट्या राखेतून पाणी झिरपत गेले की हळूहळू सुटतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा राखबंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचा चिखल आसपासच्या शिवारात शिरला. सिंगरौलीच्या पट्ट्यात २०१९ आणि २०२० साली असे बांध फुटले, एका घटनेत माणसेही गेली. भोर-वेल्ह्यात वीज केंद्र नाही, राखेचा तलाव नाही, मग ही काळजी कशाला, असे कोणी विचारेल. काळजी पाण्यामुळे. भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी वीरमार्गे बारामती, इंदापूर, फलटणच्या कालव्यांत जाते, पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला येते, गुंजवणी आहेच. हे दोन तालुके म्हणजे खालच्या लाखो लोकांची पागोळी. सातारा रस्त्यालगत खडी काढून रिकाम्या झालेल्या खाणी आहेत, पुण्याच्या चक्राकार मार्गासाठी भोरच्या पूर्व भागात मोठे भराव येणार आहेत. खड्डा दिसला की तो भरायला फुकट राख मिळते, हा मोह टाळणे अवघड. पाणलोटातल्या गावांनी तो टाळावा, यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे.

राखेच्या काँक्रीटवरचा मुख्य आक्षेप गवंडी आणि ठेकेदार घेतात, आणि तो अनुभवातून आलेला आहे. ते म्हणतात, पीपीसी हळू चढते, सेंटरिंग जास्त दिवस अडकून राहते, आणि घाई केली की स्लॅबला केसासारख्या भेगा पडतात. हे खरे आहे. पहिल्या आठवड्यात राख जवळजवळ निजलेलीच असते. तिचे खरे काम चौथ्या आठवड्यानंतर दिसू लागते. पण गावात पीपीसीची पिशवी आणून तिला जुन्या साध्या सिमेंटची वागणूक दिली जाते, आणि मग दोष राखेला लागतो. काँक्रीटची भारतीय संहिता साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायला सांगते. राख मिसळलेल्याला किमान दहा, आणि चौदा दिवसांची शिफारस करते. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सकाळी एक बादली शिंपडून क्युरिंग उरकले जाते. चुना मोकळा सुटला, राखही हजर आहे, पण दोघांना भेटवणारे पाणीच उडून गेले, तर संयोग व्हायचा कसा? राखेचे काँक्रीट वाळू दिले तर ते साध्या काँक्रीटपेक्षा वाईट निघते. हवेतला कार्बन डायऑक्साइडही मग त्यात लवकर शिरतो आणि आतल्या सळईला गंज चढतो. राखेची बाजू मांडणाऱ्याने हे लपवता कामा नये.

पाण्याची अडचण इथे फार खरी आहे. धरण उशाशी आणि कोरड घशाशी ही म्हण जणू याच डोंगरांत घडली असावी. पावसाळ्यात घाटमाथ्यावर आभाळ फाटते आणि वैशाखात वाडीवरच्या बाया झऱ्याच्या डबक्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. त्या हंड्यातले पाणी स्लॅबवर ओता, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही अभियंत्याला नाही. मग उपाय वेळापत्रकात शोधावा लागतो. घरकुलाचे हप्ते मार्चअखेर साधण्यासाठी सुटतात आणि स्लॅब नेमके एप्रिल-मेमध्ये पडतात. हेच काम कार्तिकापासून पौषापर्यंत केले, तर ओढे वाहते असतात, हवा थंड असते, भातझोडणी झालेली असल्याने पेंढाही हाताशी असतो. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी कोंडावे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळावे, त्यावर पेंढा अंथरावा. वर्षातला योग्य महिना निवडला तर राखेचा सावकाशपणा इथे अडचण राहत नाही. उलट पुढच्या जूनपर्यंत ते काँक्रीट इतके मुरलेले असते, की वेल्ह्याचा पाऊस त्यात शिरायला वाट शोधत बसतो. पाझर अडवणे हाच जिथे घराचा पहिला प्रश्न आहे, तिथे लवकर येणाऱ्या बळापेक्षा उशिरा येणारी घनता जास्त मोलाची.

दुसरा आक्षेप भेसळीचा. राख स्वस्त, सिमेंट महाग. मग राख जास्त घालून फसवणूक होणार नाही कशावरून? होऊ शकते, आणि तीही दोन प्रकारांनी. पिशवीत राख आधीच असते हे ठाऊक नसलेला माणूस साइटवर पीपीसीत आणखी राख मिसळतो. ठाऊक असलेला तेच मुद्दाम करतो. म्हणून माझा आग्रह आहे, की गावातल्या छोट्या कामावर कोणीही फावड्याने राख मिसळू नये. तिथे कारखान्यात मोजून मिसळलेली पीपीसी पुरेशी आहे. वेगळी राख घालायची ती तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लँटवर, जिथे वजनकाटा आहे, प्रत्येक बॅचची छापील नोंद निघते आणि राखेच्या प्रत्येक बल्करबरोबर तपासणीचा दाखला येतो. त्यातली एक चाचणी तर अगदी सोपी: राख तोलायची, भट्टीत तापवायची, पुन्हा तोलायची. जितके वजन घटले तितका बहुतांश न जळलेला कोळसा. तो जास्त असेल तर काँक्रीट काळपट होते आणि पाणी व रसायने शोषून घेते. पेलाभर पाण्यात चिमूटभर राख टाकली तरी न जळलेले काळे कण वर तरंगताना दिसतात. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे, पण ग्रामपंचायत सदस्याला प्रश्न विचारायला तेवढे पुरे.

तिसरा आक्षेप अंतराचा. भोरपासून एकलहरे किंवा परळीचे वीज केंद्र अडीचशे किलोमीटरच्या पुढे. एवढ्या लांबून राख ओढून आणण्यात कसले आले पर्यावरण? हिशेब मांडून पाहू. एका घनमीटर चांगल्या काँक्रीटला सुमारे ३३० किलो सिमेंट लागते. त्यातले शंभर किलो राखेने भरून काढले, तर साधारण ८० किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. ती शंभर किलो राख आणायला, बल्कर रिकामा परत जातो असे धरले तरी, पाच-सहा किलोंहून जास्त उत्सर्जन होत नाही. शिवाय जे सिमेंट वाचते तेही भोरात पिकत नाही. तेही लांबूनच येते. पैशाचा हिशेब मात्र इतका एकतर्फी नाही. राख केंद्रावर स्वस्त आणि इथे पोहोचेपर्यंत महाग, असे होते. २०२१च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपयांची भरपाई केंद्रांवर बसवली. त्या दडपणामुळे वाहतुकीचा भार केंद्रांनी उचलणे सुरू झाले, तर छोट्या प्लँटलाही ती परवडेल.

मग जवळची राख का नको? हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण इथला शेतकरी राखेला चांगला ओळखतो. राब भाजला की रोपवाटिकेच्या वाफ्यावर राखेचा थर राहतो. नीट भाजला तर राख पांढुरकी, धुमसत राहिला तर काळी. काँक्रीटच्या प्रयोगशाळेत यापेक्षा फार वेगळे काही शिकवत नाहीत. भाताच्या तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असू शकते; बेताच्या आचेवर, सुमारे सातशे अंशांच्या आत, जाळून बारीक दळली तर ती उडत्या राखेपेक्षाही चपळ निघते. अती तापली तर सिलिका स्फटिक बनते आणि मग तिचा काही उपयोग होत नाही. पण प्रमाण पाहा: एक टन भातामागे सुमारे दोनशे किलो तूस, आणि त्याची राख अवघी चाळीस किलो. टनभर राखेला पंचवीस टन भात. भोर-वेल्ह्याच्या सगळ्या भातगिरण्यांचे तूस गोळा केले तरी ती राख काँक्रीटचे मीठ होईल, पीठ होणार नाही. बगॅसचे गणित थोडे बरे. भोर तालुक्यातच निगडे येथे राजगड सहकारी साखर कारखाना आहे. उसाच्या वजनाच्या २८-३० टक्के बगॅस निघते आणि तिच्या दोन-तीन टक्के राख. लाख टन गाळपामागे काहीशे टन. मद्रास आयआयटीतल्या संशोधनाने दाखवले आहे, की या राखेतले अर्धवट जळलेले तंतू चाळून काढले आणि उरलेली दळली, तर ती पोझोलाना म्हणून चांगली काम करते. पेव्हर ब्लॉक, गटारीचे पाइप, कुंपणाचे खांब यांनी सुरुवात करायला एवढी राख भरपूर. औद्योगिक बॉयलरच्या राखेबाबत मात्र हात आखडताच ठेवावा. आज कोळसा, उद्या भुसा, परवा लाकूड असे ज्याचे जळण बदलते, त्याची राखही रोज बदलते, आणि रोज बदलणाऱ्या वस्तूवर कोणी स्लॅब टाकू नये.

सिमेंट पूर्णपणे वगळून राखेवर क्षाराची क्रिया करून बनवलेल्या जिओपॉलिमर काँक्रीटची चर्चा बरीच होते. ऑस्ट्रेलियात वेलकँप विमानतळाच्या फरसबंदीत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. पूर्वघडित वस्तूंसाठी आपल्याकडेही मार्गदर्शक मानक आले आहे. पण त्याला कॉस्टिक सोडा आणि सिलिकेट हाताळावे लागते; कारखान्याच्या छताखाली ते ठीक, उघड्या हातांनी पाट्या उचलणाऱ्या मजुरांच्या साइटवर त्याला जागा नाही.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि मी तो हलका मानत नाही. राखेला किंमत आली तर कोळशाला एक सबब मिळते, असे काही पर्यावरणवादी म्हणतात. पण कोळसा विजेसाठी जळतो; राखेच्या पैशासाठी कोणी एक टनही जादा जाळत नाही. शिवाय ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळसा केंद्र बंद केले आणि आता तिथे जुन्या तलावांतली राख उकरून वापरण्याचा विचार चालू आहे. आपल्याही तलावांत शंभर कोटी टनांहून जास्त जुनी राख साचून आहे. उद्या कोळसा थांबला तरी ती तिथेच असणार, दर पावसाळ्यात बांधावर रेलून. तिला बांधून टाकण्याचे काम कोळशाच्या बाजूचेही नाही, विरुद्धचेही नाही. ते राहून गेलेले काम आहे.

तेव्हा मागणी नेमकी करावी. सार्वजनिक कामांच्या निविदेत राखेचे काँक्रीट असेल तिथे क्यूब टेस्ट २८ दिवसांवरच न थांबवता ५६ दिवसांचाही निकाल नोंदवावा. धरणांत ९० दिवसांपर्यंत थांबतातच. दीडशे मिलिमीटरचे ते ठोकळे साच्यातून निघाल्यावर टाकीत बुडालेले असतात, आणि स्लॅब मात्र उन्हात तापत असतो. म्हणून एक जादा संच स्लॅबशेजारी, स्लॅबइतकेच पाणी मारून ठेवावा आणि त्याचाही आकडा लिहावा. दोन्ही आकड्यांत फरक पडला तर दोष राखेचा नाही, पाण्याचा आहे, हे कागदावरच दिसेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले ते काम पुरे होण्याआधी पाणी साठल्याने. त्या खोऱ्यातल्या माणसांना थांबण्याची किंमत मी समजावून सांगायला नको. जादा संचाचे तीन ठोकळे, एक वही, आणि ती वही पंचायतीच्या कपाटात. वाडीवरच्या शाळेची पुढची खोली बांधायला निघेल तेव्हा हे करता येण्यासारखे आहे.